माशाच्या कपाळावरचे मोल



या वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचे नाव छापले गेले, तेव्हा आता तासभर महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर ऐकावे लागणार, असा तर्क पुष्कळांनी केला असेल. विषय वाचल्यावर मात्र एकदोघांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, "काय साहेब, युनियन सोडून मासे विकायला लागलात की काय?" आम्ही मासे विकत नाही आणि पाळतही नाही. परंतु किंमत या शब्दाशी आमचे जन्माचे नाते आहे. माणसाची आठ तासांची मेहनत या एकाच वस्तूच्या किमतीसाठी आम्ही उभी हयात घासाघीस करीत आलो. दोन-चारशे रुपयांची वाढ पदरात पडावी म्हणून ज्याला वर्ष वर्ष वाटाघाटी कराव्या लागल्या, त्याला एका वीतभर माशाची किंमत कोणत्याही संपावाचून पन्नास हजारांवर गेलेली दिसली, तर ती का गेली हे जाणून घेण्याची इच्छा त्याला होणारच. आजचे व्याख्यान त्या इच्छेतून निघालेले आहे.

मासे या शहराला नवे नाहीत. पाणचक्कीच्या हौदातले मासे पाहत आपल्यातील पुष्कळजण लहानाचे मोठे झाले. त्यांना कणकेच्या गोळ्या घालाव्यात, घटकाभर पाहावे आणि घरी यावे. त्यांची किंमत काय, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. दुसरे मासे बाजारातले. ते किलोवर मिळतात, आणि त्यांची किंमत पाणी, जाळे, बर्फ, वाहतूक आणि दलाली यांच्या बेरजेवर ठरते. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते तिसरे. ते खाण्याचे नव्हेत आणि हौदातलेही नव्हेत. ते काचेच्या टाकीत एकेकटे राहतात आणि नगावर विकले जातात.

ह्या माशाला व्यापारात फ्लॉवरहॉर्न म्हणतात. प्राणिशास्त्रात ज्याला सिक्लिड म्हणतात त्या कुळातला तो आहे. या कुळातली काही मंडळी आपल्या परिचयाची आहेत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात तो मासा याच कुळातला. उजनीच्या धरणाकाठी चिलापी म्हणून जो ताटात येतो तो तिलापियाही याच कुळातला, मूळचा आफ्रिकेचा आणि १९५२ साली भारतात आणलेला. फ्लॉवरहॉर्न मात्र कोणत्याही नदीत किंवा तळ्यात निसर्गतः जन्मलेला नाही. त्याचे पूर्वज निकाराग्वा आणि त्याच्या आसपासच्या मध्य अमेरिकेतील तळ्यांतले. १९९० नंतरच्या दशकात मलेशिया, तैवान, थायलंड या देशांतील पैदासकारांनी त्या निरनिराळ्या जातींचा संकर केला आणि त्या मिश्रणातून हा मासा निघाला.

त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे कपाळ. मूळच्या जातींत नराच्या डोक्यावर विणीच्या काळात थोडासा फुगवटा येतो आणि पुढे ओसरतो. पैदासकारांनी निवड करीत करीत तो कायमचा आणि लिंबाएवढा केला. अंगावर लाल रंग, त्यावर मोत्यांसारखे चमकणारे ठिपके आणि कुशीवर काळ्या डागांची रांग. चिनी लोकांना त्या डागांत आपल्या लिपीतील अक्षरे दिसू लागली, आणि अक्षर शुभ निघाले तर किंमत वाढू लागली. चिनी भाषेत या माशाला 'हुआ लुओ हान' म्हणतात. लुओ हान म्हणजे आपला अर्हत. वेरूळ आणि अजिंठा ज्या जिल्ह्यात आहेत तेथील श्रोत्यांना अर्हत म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. ज्याची तृष्णा संपली तो अर्हत. त्याचे नाव अशा वस्तूला मिळाले की जिच्यामुळे माणसांची तृष्णा दर वर्षी वाढते. असो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एका दुकानात, एकाच रांगेतल्या दोन टाक्यांत दोन मासे आहेत. दोघेही एकाच मादीच्या अंड्यांतून आलेले, एकाच हाताने वाढवलेले, तेच खाद्य खाल्लेले. एकाची किंमत तीनशे रुपये आणि दुसऱ्याची तीस हजार. दोघांवर श्रम सारखेच झाले. मग हा शंभर पटींचा फरक आला कोठून?

मेहनतीवर किंमत ठरते असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न अडचणीचा आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण तो नवा नाही. श्रमावर मूल्य ठरते हे ज्यांनी ठामपणे मांडले, त्या इंग्लंडच्या डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ सालच्या आपल्या ग्रंथात आरंभीच एक अपवाद नोंदवून ठेवला आहे. दुर्मिळ पुतळे, चित्रे, जुनी पुस्तके, नाणी, विशिष्ट मळ्यातील मद्य अशा काही वस्तू कितीही कष्ट केले तरी वाढविता येत नाहीत, म्हणून त्यांची किंमत केवळ दुर्मिळतेवर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर व इच्छेवर ठरते, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आपला मासा हा रिकार्डोच्या अपवादात बसतो काय, हे पाहू.

वरवर पाहता बसत नाही. दुर्मिळ नाण्याला पिले होत नाहीत. या माशाची मादी एका विणीत शेकड्यांनी अंडी घालते. मग दुर्मिळता कसली? तिचे उत्तर संकराच्या स्वभावात आहे. १८६५ साली ब्रुन येथील मठात वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलने दाखवून दिले की, दोन शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी असते, पण त्या पिढीची आपापसांतली संतती फुटते. कोणी आजोबांवर जाते, कोणी आजीवर. फ्लॉवरहॉर्नमध्ये तर दोन नव्हे, अनेक वाण मिसळलेले आहेत. म्हणून उत्तमोत्तम जोडीची पिलेही नाना तऱ्हेची निघतात. कित्येकांना कपाळ येतच नाही. कित्येकांचा रंग उमलत नाही. काही महिने काळसर राहून मग कात टाकल्यासारखे सोनेरी होणारेही असतात. कोण कसा निघेल हे पिलू बोटाएवढे असताना कळत नाही. त्यासाठी कित्येक महिने खाऊपिऊ घालून थांबावे लागते. शिवाय अतिउत्तम म्हणून गणले जाणारे नर पुष्कळदा वांझ असतात, म्हणजे ज्याचा वंश वाढावा तोच निर्वंश.

तेव्हा त्या तीस हजारांच्या माशाच्या किमतीत त्याचे न निघालेले शेकडो भाऊ सामावलेले आहेत. ही दुर्मिळता निसर्गाने दिलेली नाही. ती निवडून, बाजूला काढून आणि टाकून देऊन तयार केलेली आहे. पैठणचा विणकर पैठणीचा पदर विणतो तेव्हा प्रत्येक दिवशी पदर बोटभर पुढे सरकतो. महिन्यामहिन्यांचे श्रम वस्त्रात दिसतात आणि किंमत त्या दिवसांच्या संख्येशी काही ना काही प्रमाण राखते. येथे तसे नाही. येथे मेहनत सर्व पिलांवर सारखी पडते आणि मोल एकाच्याच कपाळावर उमटते. ही लॉटरी आहे असे म्हटले तरी चालेल. मात्र लॉटरीच्या तिकिटाला रोज खाऊ घालावे लागत नाही.

किमतीचे हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे हौशी लोकांची नजर. कपाळ मोठे असले की मासा चांगला, हे कोणी ठरविले? माशाच्या दृष्टीने पाहिले तर त्या फुगवट्याचा काही उपयोग नाही. पण ज्यांना त्यातले कळते असे मानले जाते, त्यांच्यात एकदा संकेत रूढ झाला की तो सोन्याच्या कसासारखा काम करतो. हे समजण्यासाठी मलेशियाला जाण्याचे कारण नाही, सांगली जिल्ह्यात गेले तरी पुरे. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने एक मेंढीची जात प्रसिद्ध आहे. तिचे नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते, आणि नाकाचा बाक जितका सुरेख तितकी मेंढ्याची किंमत अधिक. २०२० साली आटपाडी तालुक्यातल्या अशा एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोट सांगितले, अशी बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. मटणाच्या हिशेबाने तो मेंढा काही हजारांचा. उरलेली सारी किंमत नाकाची.

या बातमीच्या निमित्ताने आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगावासा वाटतो. आम्ही मालकापुढे मागणीपत्र ठेवतो तेव्हा त्यात एक आकडा असतो, आणि करार होतो तेव्हा दुसराच. मागणीपत्रातल्या आकड्यावर कोणी घर चालवीत नाही. हौशी वस्तूंच्या बाजारात मात्र नेमके हेच घडते. मागितलेला आकडा किंमत म्हणून गावभर फिरतो, आणि प्रत्यक्ष व्यवहार किती झाले, कितीला झाले, हे कोणी विचारीत नाही. पन्नास हजारांच्या माशाची गोष्ट दहाजण सांगतात. तो माल खरोखर पन्नास हजार मोजून कोणी नेला हे सांगणारा एखादाच भेटतो.

तिसरे कारण शकुनाचे. घरात किंवा पेढीवर हा मासा ठेवला की लक्ष्मी येते, संकट माशावर जाते आणि मालक वाचतो, अशी समजूत चीनकडून फेंगशुईच्या नावाने आली आणि आपल्याकडच्या वास्तुशास्त्राला सहज चिकटली. कोणाच्या श्रद्धेची थट्टा करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. पण शकुनाचा बाजारभावावर काय परिणाम होतो हे पाहणे आमचे काम आहे. नेहमीच्या वस्तूच्या बाबतीत गिऱ्हाईक भाव पाडून मागते. शकुनाच्या वस्तूच्या बाबतीत तेच गिऱ्हाईक संकोचते. लक्ष्मीशी घासाघीस कशी करावी? उलट किंमत जितकी मोठी तितका शकुन खरा, असे वाटू लागते. ज्या मालाचा भाव वाढविल्याने मागणी घटत नाही, त्याचा व्यापारी भाग्यवानच म्हणावयाचा. आलेल्या लक्ष्मीपैकी निश्चित सांगता येण्याजोगी लक्ष्मी तेवढी त्याच्याकडे येते.

आणि आता चौथे कारण, जे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. ते म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाची आशा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ साली शेअर बाजाराविषयी लिहिताना वर्तमानपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेचा दृष्टांत दिला आहे. छापलेल्या अनेक चेहऱ्यांतून सुंदर चेहरे निवडायचे, पण बक्षीस त्याला, ज्याची निवड बहुसंख्य वाचकांच्या निवडीशी जुळेल. मग शहाणा स्पर्धक आपल्याला कोण सुंदर वाटते हे पाहत नाही, इतरांना कोण सुंदर वाटेल याचा अंदाज बांधतो, आणि इतरही तेच करीत असतात. दुर्मिळ माशाच्या बाजारात हौशी माणूस आहे तोवर ठीक. ज्या दिवशी 'हा मला आवडतो' असे म्हणणाऱ्याची जागा 'हा पुढे दुप्पट भावाने जाईल' असे म्हणणारा घेतो, त्या दिवशी किंमत माशावरून सुटते आणि माणसांच्या अंदाजावर तरंगू लागते.

असे तरंगणारे भाव जगाने पूर्वी पाहिले आहेत. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात ट्युलिपच्या कंदांना असाच भाव आला होता. ज्या फुलांच्या पाकळ्यांवर ज्वाळांसारखे पट्टे उमटत त्यांना सर्वांत अधिक मोल. कोणत्या कंदाला पट्टे येतील हे आधी कळत नसे, म्हणून प्रत्येक कंदात आशा. १६३७ च्या फेब्रुवारीत एके दिवशी बोली लावणारेच पुढे आले नाहीत आणि तो बाजार बसला. ते पट्टे म्हणजे एका विषाणूची बाधा होती, हे विज्ञानाला विसाव्या शतकात उमगले. लोक रोगाला सौंदर्य समजून पैसे मोजीत होते.

फ्लॉवरहॉर्नचेही तसेच झाले. २००० सालाच्या सुमारास मलेशिया आणि सिंगापूर येथे या माशाची लाट आली. घराघरांतून टाक्या मांडल्या गेल्या आणि जो तो पैदासकार झाला. संकर करण्यास ना कारखाना लागतो ना परवाना. एक जोडी आणि काचेची टाकी पुरते. दुर्मिळतेवर उभा असलेला भाव सर्वांनीच माल काढल्यावर किती दिवस टिकणार? काही वर्षांतच भाव कोसळला, आणि नको झालेले मासे लोकांनी जलाशयांत सोडून दिले. पुढे पैदासकारांनी नवे वाण काढले, नवी नावे दिली आणि वरच्या प्रतीचा भाव पुन्हा उभा केला. या बाजाराची युक्ती हीच. जुना वाण स्वस्त झाला की नवा वाण दुर्मिळ म्हणून पुढे आणावयाचा. ज्याच्या टाकीत जुना वाण राहिला तो बुडाला.

महाराष्ट्राने हा धडा माशाऐवजी कोंबडीवर शिकला. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातली काळ्या मांसाची कडकनाथ कोंबडी ही चांगली, खरी जात आहे. पण २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरकडच्या एका कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. पिले आमच्याकडून घ्या, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगून तिने अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले होते. परत घेणारा नाहीसा झाला आणि शेतकऱ्याच्या खुराड्यात खाणारी तोंडे उरली. त्याआधी २०१२ साली तामिळनाडूतील पेरुंदुराई येथे इमू पक्ष्यांच्या पैदाशीचा असाच डोलारा कोसळला होता, आणि आपल्याकडेही इमू पाळणाऱ्यांवर ते पक्षी कोणाच्या गळ्यात बांधावेत असा प्रसंग आला होता. दोन्ही ठिकाणी विकले जात होते ते मांस किंवा अंडे नव्हते. विकला जात होता तो पैदाशीचा माल, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे पुढचा पैदासकार. खाणारा गिऱ्हाईक रांगेत कोठेच नव्हता.

या सर्व गोष्टींची काळजी कामगार संघटनेच्या माणसाने का करावी? कारण बुडणारा पैसा बहुधा आमच्या माणसांचा असतो. कारखाना बंद पडतो, किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली माणूस पन्नाशीच्या आत घरी बसतो. हातात ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम येते, आणि ती जन्मात पहिल्यांदा आणि शेवटची येते. नेमक्या त्याच आठवड्यात कोणीतरी घरबसल्या धंदा घेऊन दारात उभा राहतो. वाळूजच्या पट्ट्यातील एका जोडारीची हकीगत आम्हांला ठाऊक आहे. त्याने फंडाच्या पैशातून वरच्या प्रतीची म्हणून एक जोडी घेतली, पत्र्याच्या खोलीत टाक्या मांडल्या. विकणाऱ्याने पिले परत घेण्याचे तोंडी कबूल केले होते. पिले झाली. निम्मी मेली, उरलेल्यांतली बहुतेक साधी निघाली. जी चार-सहा चांगली निघाली ती घेऊन तो गेला तेव्हा उत्तर मिळाले, "आता हा वाण चालत नाही." जोडारीचे हात मायक्रॉनपर्यंतचा फरक ओळखणारे. पण ज्याची मोजपट्टीच दुसऱ्याच्या खिशात आहे, तेथे त्या हातांनी काय करावे?

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. हा मासा तापट. एका टाकीत दुसऱ्याला नांदू देत नाही, म्हणून दर माशामागे स्वतंत्र टाकी आणि तीही प्रशस्त हवी. पाणी उबदार हवे, गाळण यंत्र रात्रंदिवस चालू हवे, आणि दर आठवड्याला पाण्याचा मोठा हिस्सा बदलावयास हवा. ज्या शहरात गृहिणींनी गेली कित्येक वर्षे नळाच्या पाण्याचे वार मोजले, तेथे दर आठवड्याला शेकडो लिटर पाणी माशाच्या टाकीतून ओतून देणे म्हणजे काय, ते आम्ही वेगळे सांगत नाही. विजेचे देयक, पाण्याचा टँकर आणि बायकोमुलांची फुकट मेहनत यांची बेरीज विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात नसते. किंमत ज्याच्या मेहनतीवर उभी नाही, तिच्यातून त्या मेहनतीचा मोबदला निघेलच असे नाही. ही गोष्ट एकदा मनात पक्की केली की पुष्कळ मोह आपोआप गळतात.

आणखी एक धोका पैशाचा नाही, पाण्याचा आहे. भाव पडला की सिंगापुरात झाले तेच आपल्याकडे होऊ शकते. मारवत नाही, पोसवत नाही, म्हणून दयाळू माणूस मासा तलावात किंवा गोदावरीत सोडून येतो. तिलापिया आपल्या तळ्यांत शिरल्यावर मूळच्या माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा त्याने कशी घेतली, हे मासेमार चांगले जाणतात. फ्लॉवरहॉर्न त्याहून आक्रमक आहे. पैठणच्या नाथसागरावर मासेमारीचे पोट असलेली कुटुंबे आहेत, आणि तेथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. एकाची फसलेली हौस दुसऱ्याच्या जाळ्यात येऊ नये, एवढे भान आपण ठेवले पाहिजे. नको झालेला मासा दुकानदाराला फुकट द्यावा, पण वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात सोडू नये.

मग कोणी मासे पाळूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस संध्याकाळी काचेतल्या निळ्या पाण्याकडे पाहत बसला तर त्याचा शीण जातो, आणि शीण जाण्याला आमच्या हिशेबात मोठी किंमत आहे. गप्पी, मोली, गोल्डफिश यांसारखे मासे हजारो घरांत जातात. त्यांच्या पैदाशीचा धंदा छोटा पण खरा आहे, आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनालाही साह्य ठेवण्यात आले. पन्नास रुपयांचा मासा घेणारा तो आवडीने घेतो, मुलांना दाखवितो आणि मेला तर दुसरा नेतो. त्याला पुढचे गिऱ्हाईक शोधावयाचे नसते. धंदा टिकतो तो अशा शेवटच्या गिऱ्हाइकावर.

तेव्हा मासा असो, कोंबडी असो, मेंढा असो की आणखी काही, फार मोठा भाव ऐकू आला की तीन प्रश्न विचारावेत, एवढेच आमचे सांगणे. पहिला : ही वस्तू कमी आहे ती निसर्गतः, की कोणी निवडून कमी ठेवली आहे, आणि उद्या ती वाढविण्याची किल्ली कोणाच्या हातात आहे? दुसरा : चांगले आणि वाईट ठरविण्याची मोजपट्टी कोणाजवळ आहे, माझ्याजवळ की मला विकणाऱ्याजवळ? आणि तिसरा : ही वस्तू विकण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी घेणारा शेवटचा माणूस कोण? या तिसऱ्या प्रश्नाला नाव-गाव सांगता येईल असे उत्तर मिळाले नाही, तर तो शेवटचा माणूस आपणच आहोत असे समजावे.

त्या माशाचा यात काही दोष नाही. त्याने कपाळ मागितले नव्हते आणि भावही सांगितला नव्हता. ज्याला तो खरोखर आवडतो त्याने ऐपतीप्रमाणे जरूर घ्यावा आणि नीट सांभाळावा. मात्र कष्टकऱ्याचा फंड त्याच्या कपाळाला बांधला जाऊ नये, म्हणून हे दोन शब्द.